लेकीच्या लग्नात रस्ता बंद

लुट्झ,
फेब्रुवारी संपत आला

प्रिय गेबहार्टदादा,

तुझ्या धाकट्या वालबुर्गाचा तुला वाकून नमस्कार. (छपरावरचा बर्फ दाराच्या चौकटीपर्यंत लोंबतोय, वाकल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही, तेव्हा नमस्कार खरोखरच वाकून आहे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस, की 'करतो' असं नुसतं डॉक्टरांना सांगतोस? द्राक्षांची छाटणी आटोपली असेल. तू पाठवलेली वाइन पोचली. आम्ही ती खोकल्यावर औषध म्हणून घ्यायला लागलो आणि मग खोकला नसलेल्यांनाही दिली. इकडे सगळे ठीक. गाई बऱ्या आहेत, चीज यंदा घट्ट उतरलंय आणि तुझी भाची आगाथा लग्न होऊन सुखात आहे.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण ओटीलीनं तुला फोन केल्याचं मला कळलंय. आपली ही मावसबहीण फोनवर काय म्हणाली असेल ते मी घरबसल्या सांगू शकते: 'वालबुर्गानं पोटच्या पोरीचं लग्न मोडलं, वऱ्हाड रस्त्यात अडवलं आणि नवरदेवाच्या भावाची भोंग्यावरून अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल अशी लाज काढली.' यातलं लग्न मोडलेलं नाही. वऱ्हाड मी अडवलं हे खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. आणि भोंग्यावर मी नव्हते. कोण होतं ते पुढे येईलच. ऑपरेशनमुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. चहा घेऊन बस.

तू गाव सोडलंस तेव्हा आपल्याकडे हिमस्खलन समिती म्हणजे आपले आबा होते. सकाळी अंगणात उभे राहायचे, काळ्या घळीकडे बघायचे, 'हं' म्हणायचे. लांब 'हं' म्हणजे रस्ता बंद, आखूड 'हं' म्हणजे चालू. आणि 'हं'च्या आधी नाक शिंकरलं, तर खालच्या ग्रासाउ गावाला निघालेल्या माणसानं आपापली जबाबदारी घ्यायची. आता तसं राहिलेलं नाही. आता शिखरावर वारा मोजणारं यंत्र आहे, रोज प्रांताचं पत्रक येतं, अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे. आणि शरद ऋतूपासून समितीची अध्यक्ष तुझी बहीण आहे. (परीक्षेत मी पहिली आले. ओटीलीनं हे फोनवर सांगितलं नसणार.) बाकी सदस्य दोघे: खानावळवाला फिडेल आणि बर्फ ढकलायच्या गाडीवरचा योडोक. आम्ही तिघं ठरवतो आणि रस्त्यावरचं फाटक पडतं किंवा उघडतं. सरपंचालाही ते उचलता येत नाही. एकदा त्यानं उचललं होतं, तेव्हा योडोकनं आपली गाडी रस्त्यात आडवी लावली आणि तो जेवायला निघून गेला.

आता लग्नाकडे येते. मुलगा सेवेरीन व्हिएन्नाचा, पियानो सुरात लावायचं काम करतो. कमी बोलतो, ऐकतो जास्त, त्यामुळे आमच्या घरात त्याचं लगेच जमलं. बर्फातलं त्याला काही कळत नाही, पण कळत नाही हे त्याला कळतं, आणि जावयात मला एवढा गुण पुरे आहे. प्रश्न होता विहीणबाईंचा. लेओपोल्डीनाबाई. उंच, ताठ, गळ्यात मोत्यांची माळ, आणि आवाज असा की खानावळीत त्यांनी मीठ मागितलं की शेजारच्या गोठ्यातल्या गाई मान वर करतात. जन्मभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतलेली बाई, दादा. त्या 'मदतीला' म्हणून लग्नाच्या आधीच येऊन राहिल्या. मदत म्हणजे त्यांनी माझ्या मांडणीवरची भांडी उंचीप्रमाणे लावली आणि आमच्या वाजंत्री पथकाला सूर कुठे चुकतो ते सांगितलं. बरोबर त्यांनी स्वतः केलेला तीन मजली केक होता. मी आमच्या चीजचं चाक पुढे केलं तर म्हणाल्या, 'वास बराच मोठा आहे हो याचा.' मी म्हटलं, 'गाव लहान आहे, वास तरी मोठा असू दे.' तिथून आमचं सुरू झालं.

त्यात बर्फ सुरू झाला. जानेवारीतली कोरडी थंडी तुला आठवत असेल. तिनं जमिनीलगतचा जुना बर्फ साखरेसारखा रवाळ करून ठेवला होता, मुठीत धरला तर बोटांतून सांडणारा. त्यावर हा नवा आला आणि त्यामागून असा वारा सुटला की वरचा सगळा माल उचलून त्यानं मेंढखिंडीखालच्या उतारावर नेऊन थापला. तो उतार म्हणजे काळ्या घळीचा माथा, आणि घळीच्या पायथ्याशी आपला एकुलता एक रस्ता. साखरेच्या ढिगावर कुणी फरशी बसवावी आणि ती सगळी तिरकी करून आपल्या डोक्यावर धरावी, तसं झालं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावामागच्या तशाच दिशेच्या एका छोट्या उतारावर खड्डा खणायला निघाले, तर विहीणबाई म्हणाल्या, 'मी पण येते.' त्यांना वाटत होतं, लग्नाची कामं टाळायला मी रोज कुठेतरी जाऊन बसते. आल्या, फरचा कोट घालून. मी खड्डा खणला, बर्फाचा चौकोनी खांब मोकळा कापला, त्यावर फावडं पालथं ठेवलं आणि हातानं थापटायला लागले. आधी नुसत्या मनगटानं, मग कोपरापासून, मग खांद्यापासून. पण खांद्यापर्यंत वेळच आली नाही. मनगटावरच वरचा अर्धा खांब सुरीनं कापल्यासारखा सुटला आणि सरळ समोर बसलेल्या विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसला. त्यांनी तो कोटावरून झटकला. मग म्हणाल्या, 'तुम्ही जोरात मारलंत.' मी दुसरा खांब कापला आणि फावडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी केकवर साखर भुरभुरावी तसं थापटलं. तोही गेला. परतताना त्यांनी पुन्हा जोराचं नाव काढलं नाही, आणि मला मात्र धास्ती वाटायला लागली, कारण वऱ्हाड अजून खालीच होतं. नवरदेव, त्याचे नातेवाईक आणि पाद्रीबाबा (चार गावांना मिळून एकच उरलेत, आणि राहतात खाली) सगळे सकाळी ग्रासाउहून बसनं येणार होते.

लग्नाच्या दिवशी आकाश असं निळं उघडलं की बघून कुणालाही वाटावं, धोका टळला. खरा घात अशाच दिवशी असतो. ऊन त्या फरशीवर चढायला लागतं. समिती फिडेलच्या स्वयंपाकघरात भरली, कारण तो चुलीपासून हलू शकत नव्हता. वासराचं मांस भट्टीत, आंबट कोबी पातेल्यात, पिठाचे गोळे पाण्यात पडायच्या बेतात. योडोक म्हणाला, 'वालबुर्गा, लग्न तुझ्या घरचं आहे. तू शेवटी बोल.' बरोबर होतं त्याचं. मी ओठ मिटून बसले, आणि दादा, माझ्या तोंडाला एवढे कष्ट कधी पडले नव्हते.

योडोक म्हणाला, 'बंद.' त्याला काय, त्याच्या घरी लग्न नव्हतं. मग आम्ही फिडेलकडे बघितलं. अख्ख्या हिवाळ्यातलं त्याचं सगळ्यात मोठं जेवण त्या भट्टीत होतं. त्यानं भट्टीचं दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं. पातेल्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं. मग ॲप्रनला हात पुसत म्हणाला, 'मांस काय, उद्या सूप करता येईल. बंद.' मीही म्हटलं, 'बंद.' माझ्या मताची गरज उरली नव्हती, पण मला ते द्यायचं होतं. तिघं मिळून रस्त्यावर गेलो आणि फाटक पाडलं. परीक्षेत पहिली आले त्यापेक्षा फिडेलचं ते झाकण परत ठेवणं मला मोठं वाटतं, आणि हे मी लिहितेय म्हणजे बघ.

मग आगाथाला सांगायला गेले. ती पांढऱ्या पोशाखात आरशासमोर, केस अर्धे वर, अर्धे खाली. मी दारातच उभी राहून शब्द जुळवत होते, तर आरशातूनच म्हणाली, 'बंद केलंत ना? मी उजाडताना कुत्र्याला घेऊन टेकाडावर जाऊन आले. पायाखाली घुम्म असा आवाज आला, खालचा थर खचल्याचा. तुम्ही चालू ठेवलं असतंत, तर मीच जाऊन फाटकावर बसले असते.' पर्वतबचाव पथकात काम करणारी पोर ती. मी तिच्या उरलेल्या केसांत पिना खोचल्या. दोन पिना चुकीच्या जागी खोचल्या, कारण मला नीट दिसत नव्हतं.

सेवेरीनला फोन लावला. तो म्हणाला, 'बरं. उद्या करू. मी इथे आहेच.' झालं. असा जावई. पण मग म्हणाला, 'एक गोष्ट आहे, सासूबाई. राइमुंड निघालाय.'

राइमुंड म्हणजे त्याचा मावसभाऊ, लग्नात अंगठ्या सांभाळणारा नवरदेवाचा पाठराखा. आई लवकर गेली म्हणून विहीणबाईंनीच वाढवलेला. माणूस वाईट नाही, पण उत्साह फार. स्की नवीन, पाठीवर हिमलोटात सापडलं तर फुगून माणसाला वर ठेवणारी पिशवी, गाडलं गेल्यावर ठावठिकाणा सांगणारं यंत्र, सगळं अगदी उत्तम. रस्ता बंद झाल्याचं कळताच त्यानं ठरवलं, मेंढखिंडीवरून स्कीनं लुट्झला उतरायचं आणि निदान लग्नाच्या अंगठ्या तरी वेळेवर पोचवायच्या. अंगठ्यांना कसली घाई होती कोण जाणे. बोटं तर दोन वेगवेगळ्या गावांत होती. कुणी थांबवायच्या आत तो जंगलात शिरला होता, आणि त्या यंत्रात अडथळा नको म्हणून फोन बंद ठेवून गेला होता. नियम पाळला तोही नेमका हा एकच.

आम्ही सगळे खानावळीच्या गच्चीवर धावलो. दुर्बीण खिंडीवर रोखून धरली, आणि बऱ्याच वेळानं तिथे एक लाल ठिपका उगवला. खिंडीखाली आधी एक खडकाळ धार आहे, लार्चची चार झाडं असलेली. तिथपर्यंत ठीक. पण पुढे सरळ तो उतार. फरशी. ठिपका धारेवरून खाली यायला लागला.

आगाथानं पोशाखावरच बचाव पथकाचं जाकीट चढवलं होतं आणि ती बूट बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आई, तो त्यात गेला तर मला वर जावं लागेल.'

'अर्धा उतार अजून वरच लटकत असेल,' मी म्हटलं.

'माहितीय. तू मला थांबवशील?'

'थांबवेन.'

'बरं,' ती म्हणाली, आणि बुटाची नाडी आणखी घट्ट आवळली.

दादा, मी अध्यक्ष आहे आणि आई आहे, आणि त्या क्षणी दोन्हींपैकी काहीही नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

वाजंत्री पथक गच्चीवर तयारच होतं. योडोक त्यांना म्हणाला, 'वाजवा, काय येईल ते वाजवा, जोरात, म्हणजे तो थांबेल.' एका पाहुणीनं त्याचा हात धरला, आवाजानं बर्फ खाली येईल म्हणून. (आवाजानं बर्फ येत नाही, दादा, ते सिनेमात येतो. आपल्या पथकाच्या वादनानं येत असता तर घळ केव्हाच रिकामी झाली असती.) त्यांनी जीव तोडून वाजवलं. राइमुंड लार्चच्या झाडांशी थांबला. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. त्यानंही काठी उंच करून हलवली. त्याला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. गडी खूश झाला आणि दुप्पट वेगानं उताराच्या दिशेनं निघाला.

तेवढ्यात माझ्या खांद्याला धक्का बसला. लेओपोल्डीनाबाई. खानावळीसमोर अग्निशमन दलाची गाडी उभी होती (नवरीची मिरवणूक त्यावरून निघायची होती, फुलं लावून). बाई तीत चढल्या, चालकाच्या हातातून भोंग्याचा माईक घेतला, मोत्यांची माळ पाठीवर टाकली आणि बोलल्या.

'राइमुंड. जागच्या जागी उभा राहा.'

डोंगराला तो आवाज आदळून परत आला, तोही हुकमीच वाटला. ठिपका थांबला.

'तुला कुणी बोलावलेलं नाही. हे स्वागत नाही. तू ज्यावर पाय ठेवणार आहेस ते साखरेवर उभं आहे, मी काल स्वतःच्या हातानं थापटून बघितलंय. मागे फीर. आलास त्याच पावलांनी. हट्ट करू नकोस. गाडीच्या परीक्षेत तू तीनदा नापास झालास तेव्हाही तुला वाटत होतं की रस्ताच चुकीचा आहे. मागे फीर म्हणते ना मी. आणि टोपी कानावर ओढ.'

दुर्बिणीतून मी बघितलं. स्कीची टोकं उताराच्या कडेवर होती. त्यानं आधी टोपी कानावर ओढली. मग वळला. झाडांपर्यंत आला, धारेवरून चढत खिंडीपलीकडे दिसेनासा झाला, आणि तोवर बाई माईक सोडायला तयार नव्हत्या. शाळेतल्या एका जुन्या चोरलेल्या सफरचंदापर्यंत त्यांनी सगळं काढलं. तो दिसेनासा झाल्यावर मात्र त्या गाडीच्या पायरीवर मटकन बसल्या. आगाथा तिच्या पांढऱ्या पोशाखात आणि त्या बुटांत त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं त्यांची पाठीवरची माळ पुन्हा पुढे ओढून दिली.

जेवण आम्ही तेव्हाच वाढलं, मांस तयारच होतं. लग्नाआधी लग्नाचं जेवण. गोळे दुसऱ्यांदा फिरत होते, तेव्हा उतार सुटला. आधी एक रेघ, खिंडीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मग सगळा उतार एकदम चालायला लागला, घळीत शिरला, आणि काही वेळ पांढऱ्या धुरळ्याशिवाय काही दिसेना. धुरळा बसला तेव्हा रस्ता होता तिथे बसच्या टपाच्या वर बर्फ होता. राइमुंडच्या खुणा लार्चपाशी संपत होत्या, पुढे डोंगर कोरा.

गच्चीवर लोक माझ्याकडे असे बघायला लागले जसा तो लोट मीच पाठवला. सरपंचानं हात मिळवला. पण तुला खरं सांगते, लोट आला म्हणून मला अभिमान नाही. आला नसता तरी आम्ही तिघं तितकेच बरोबर होतो. फक्त मग कुणी आम्हाला प्यायला दिलं नसतं, आणि ओटीली आजपर्यंत फोनवर असती. अभिमान आहे तो फिडेलचा, आणि बुटाची नाडी आवळणाऱ्या माझ्या पोरीचा. (माझाही आहे थोडा. थोडा म्हणजे बराच.)

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं उरलेला माल सुरुंग लावून पाडला, योडोकनं रस्ता मोकळा केला, वऱ्हाड आलं. पाद्रीबाबांनी बर्फाच्या भिंतींमधून येताना सगळ्या बसला प्रार्थना म्हणायला लावली होती. राइमुंड सगळ्यात मागून उतरला, टोपी कानावर. अंगठ्या दिल्या आणि आगाथाला म्हणाला, 'माझ्यासाठी तू वर आली असतीस, असं सेवेरीन सांगतो.' ती म्हणाली, 'आईनं येऊ दिलं नसतं. पुढच्या हिवाळ्यात इकडे ये, तुला शिकवते. यंत्र आहे तुझ्याकडे, आता ते वापरायची वेळ कशी येऊ द्यायची नाही ते शिक.' तो येणार आहे. लग्न लागलं, फिडेलनं मांसाचं सूप केलं आणि ते मांसापेक्षा चांगलं झालं.

आता पुरे करते. गुडघ्याची काळजी घे. मळ्यातल्या वेलींना आणि शेजाऱ्यांना माझा नमस्कार, तुला लहान बहिणीकडून जे काय प्रेम धाडता येतं ते सगळं.

तुझी,
वालबुर्गा
(अध्यक्ष)

ता. क. विहीणबाई अजून इथेच आहेत. रस्ता कधीचा मोकळा झाला, वऱ्हाड परत गेलं, नवरा-नवरी फिरायला गेली. या मात्र रोज सकाळी माझ्याआधी उठून माझीच काठी घेऊन बर्फ मोजतात आणि मोजमाप मला ओरडून सांगतात. परवा त्यांनी अग्निशमन दलाच्या चालकाला गोड बोलून भोंगा मिळवला आणि गावात राहायला आलेल्या स्कीवाल्यांना सकाळी न्याहारीच्या वेळी गच्चीवरून सूचना दिल्या. लोकांनी टोस्ट खाली ठेवले. चीजलाही आता नावं ठेवत नाहीत, उलट बरंच खातात.

दुसरा ता. क. एवढं लांब पत्र का लिहिलं ते आता सांगते. तुझ्याकडे सपाट जमीन आहे. बर्फ नाही. वरची खोली रिकामी आहे. माटिल्डावहिनी गेल्यापासून तू एकटाच जेवतोस, आणि शेजारीण सांगते की उभ्या उभ्या जेवतोस. बाईंना वाइन आवडते. त्यांना वसंतात तुझ्याकडे ये म्हणून एक छानसं आमंत्रण धाड, पण तुझ्या मनातून आल्यासारखं लिही, माझं नाव काढू नकोस. तुझे गुडघ्याचे व्यायामही त्या रोज करून घेतील, याची मी हमी देते.

तिसरा ता. क., पाकीट बंद करण्याआधी. आमंत्रण लगेच धाडू नकोस. शुक्रवारी पुन्हा मोठा बर्फ आहे, वारा त्याच दिशेचा, आणि खाली हॉटेलात पन्नास उत्साही लोक नव्या स्की घेऊन आलेत. आज समिती भरली. आम्ही तिघांनी एकमतानं ठरवलंय की ईस्टरपर्यंत बाई आम्हाला लागतील. तोवर तू खुर्ची घेऊन, बसून जेवायची सवय कर.